कोरड्या माळावरच्या गोगलगायी: शोध, मोजणी आणि नोंदी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माण-खटाव, जत-आटपाडी, बारामती-इंदापूर, कर्जत, सोलापूर आणि पुढे मराठवाडा हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. बऱ्याच ठिकाणी वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. इथल्या माळरानांवर गोगलगायी शोधायला निघालेल्या विद्यार्थ्यांना, शेतकऱ्यांना आणि हौशी निरीक्षकांना जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. घाटमाथ्यावरच्या ओल्या जंगलासाठी हे पान नाही; तिथली गणितं वेगळी आहेत.

इतक्या कोरड्या जागी गोगलगायी असतात तरी का?

असतात. वर्षातले आठ-नऊ महिने त्या दिसत नाहीत, एवढंच. आपण माळावर फिरतो ते हिवाळ्यात, नाहीतर उन्हाळ्यात सकाळच्या वेळी. नेमक्या तेव्हा त्या जमिनीत, दगडाखाली किंवा झाडाच्या सालीला चिकटून बंद पडलेल्या असतात. मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की त्याच माळावर रात्री टॉर्च घेऊन जा. दिवसा जिथे कुसळी गवत आणि मुरूम यांच्यापलीकडे काही नव्हतं, तिथे चालणारे शंख दिसतील.

शंख बांधायला चुना लागतो आणि दख्खनच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे जागोजागी सापडतात. म्हणजे अडचण असते ती फक्त पाण्याची, आणि ती निभावायचे मार्ग या प्राण्यांकडे आहेत.

उन्हाळा त्या काढतात कशा?

अंग आत ओढून घेतात आणि शंखाच्या तोंडावर चिकट स्रावाचा पडदा धरतात. तो वाळून कधी कागदासारखा पातळ, तर कधी चुना मिसळल्यामुळे खडूसारखा पांढरा आणि टणक होतो. काही जाती एकामागे एक असे दोन-तीन पडदे धरतात. आत शरीराचा कारभार इतका मंदावतो की पाणी आणि साठवलेलं अन्न महिनोन्‌महिने पुरतं.

ही झोप किती लांबू शकते याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. मार्च १८४६ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तच्या वाळवंटातली एक गोगलगाय मेलेली समजून पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवली. मार्च १८५० मध्ये पुठ्ठ्यावर स्रावाचे ताजे डाग दिसले. कोमट पाण्यात ठेवल्यावर ती बाहेर आली आणि चालू लागली.

इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या पांढऱ्या गोगलगायींवरचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. भर उन्हात उघड्यावर पडलेली ही गोगलगाय दिवसाला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम पाणी गमावते. पांढऱ्या शंखावर पडलेला बहुतेक प्रकाश परत फेकला जातो, आणि प्राणी शंखाच्या वरच्या वेढ्यांत सरकून बसतो. खालच्या रिकाम्या वेढ्यातली हवा त्याला तापलेल्या जमिनीपासून दूर ठेवते. आपल्या माळावरचे बरेचसे शंखही पांढुरके, जाड भिंतीचे आहेत, ते बहुधा यामुळेच.

शोधायला कधी जावं?

दोन वेळा, दोन वेगळ्या कामांसाठी.

जिवंत गोगलगायींसाठी पावसाळ्याची पहिली झड. वळवाच्या एखाद्या सरीवर फार विसंबू नका. वरची धूळ भिजते आणि दुसऱ्या दिवशी वाळते. माती बोटभर ओली झाली आणि आभाळ झाकलेलं राहिलं, की त्या रात्री आठ ते बारा आणि पहाटे उजाडण्याआधीचा तास-दीड तास ही उत्तम वेळ. पावसाने ओढ दिली की पुन्हा सामसूम. म्हणून तारीख आधी ठरवू नका, सामानाची पिशवी भरून ठेवा. परतीच्या पावसातही एक फेरी मारावी. त्या वर्षीची पिल्लं तेव्हा दिसतात.

रिकाम्या शंखांसाठी मार्च ते मे. गवत चरून किंवा वाळून गेलेलं असतं आणि जमीन उघडी असते. वणवा गेलेल्या माळावर शंख लांबूनही दिसतात. जळालेला शंख करडा आणि ठिसूळ होतो, त्याची वेगळी नोंद करा. वणव्याचा फटका कुठे बसला याची ती खूण असते.

माळ तर एकर-दोन एकरांचा. नेमकं बघायचं कुठे?

सावली, ओल आणि चुना या तिन्ही गोष्टी जिथे जवळजवळ येतात तिथे.

शेताच्या कडेच्या जुन्या दगडी ताली मला सगळ्यात आवडतात. पिढ्यान्‌पिढ्या रचलेल्या दगडांच्या सांदीत माती साठते, पाचोळा साठतो, आणि उत्तरेच्या अंगाला उन्हाळ्यातही गारवा टिकतो. अशी एक ताल नीट तपासली तर आख्ख्या माळापेक्षा जास्त जाती देऊन जाते. त्यानंतर निवडुंगाची आणि घायपाताची बेटं: कुजलेल्या पानांखाली हात घालण्याआधी काठीने चाळवा. बाभूळ, हिवर, कडुलिंब यांचं खोड माणसाच्या उंचीपर्यंत फिरून बघा. सालीच्या भेगांत आणि फांदीच्या बेचक्यात झाडावर चढणाऱ्या जाती चिकटून बसतात. ओढ्याच्या काठचे खडक, गवताच्या ठोंबांचे बुडखे, पडक्या विहिरींची चिरेबंदी ही ठिकाणंही चुकवू नका.

चुन्यात बांधलेली जुनी देवळं, गढ्या आणि तटबंद्या यांचा पाया मुद्दाम बघा. सुटलेल्या चुन्याच्या पोपड्यांखाली बारीक गोगलगायी असतात. भिंत मात्र खरवडायची नाही. खाली पडलेलं आपलं, भिंतीला धरलेलं भिंतीचं.

दगड उलटताना काय काळजी घ्यावी?

कोरड्या माळावर दगडाखाली फुरसं किंवा विंचू असणं ही रोजची गोष्ट आहे, आणि गवतात घोणस असू शकते. दगडाची पलीकडची कड धरून तो आपल्याकडे उचलायचा, म्हणजे उघडी बाजू तुमच्यापासून लांब राहते आणि आतल्या जिवाला पलीकडे पळायला वाट मिळते. दगडाखाली थेट बोटं घालायची नाहीत, लोखंडी आकडा किंवा काठी वापरायची. घोट्याच्या वरपर्यंत बूट. रात्री एकट्याने जायचं नाही. सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, हे निघण्याआधी विचारून ठेवायचं.

आणि बघून झाल्यावर दगड होता तसा, त्याच खाचेत परत ठेवायचा. दगडाखालची ओल वर्षानुवर्षं जमलेली असते. दगड उलटा टाकून पुढे गेलात, तर ज्यांची मोजणी करायला आलात त्यांचंच घर मोडलंत.

रिकाम्या शंखांचा उपयोग किती?

खूप, पण मर्यादा ओळखून. कोरड्या, चुनायुक्त मातीत शंख अनेक वर्षं टिकतो. त्यामुळे ‘इथे कोणत्या जाती राहतात किंवा राहत होत्या’ या प्रश्नाला रिकामे शंख चांगलं उत्तर देतात. ‘आज किती आहेत’ याचं उत्तर ते देत नाहीत. एका चौकटीत साठ शंख मिळाले आणि ते दहा वर्षांत साठले असतील, तर आजची संख्या नगण्यही असू शकते.

म्हणून प्रत्येक शंख तीनपैकी एका गटात टाका. ताजा: रंग, चकाकी आणि वरची पातळ साल शाबूत. फिका: साल उडालेली, पण रंगाच्या खुणा शिल्लक. जुनाट: पूर्ण पांढरा, खडबडीत, कडा झिजलेल्या. एखाद्या जातीचे जुनाट शंख भरपूर आणि ताजा एकही नाही, असं दिसलं तर थांबा आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा: इथे काय बदललं? माळ कधी नांगरला, खडी कधी काढली, चर कधी खोदले? माझ्या मते कोरड्या भागातल्या सर्वेक्षणाची सगळ्यात मोलाची माहिती याच तुलनेत असते, आणि नेमकी तीच बहुतेक वह्यांत लिहिलेली नसते.

फुटलेले शंखही बोलतात. एका दगडाभोवती फोडलेल्या शंखांचा सडा असेल तर पक्ष्यांनी किंवा उंदरांनी खाल्लेत. शंख अखंड आणि आत काजव्याच्या अळीची वाळलेली कात असेल, तर शिकारी कोण ते उघडच आहे.

पडदा धरलेली गोगलगाय जिवंत आहे की मेलेली, कसं ओळखायचं?

तळहातावर घेऊन वजन पाहा. रिकामा शंख लगेच कळतो. पातळ भिंतीचा शंख टॉर्चसमोर धरला की आतल्या अंगाची सावली दिसते. पडदा सलग आणि ताणलेला असेल तर जिवंत समजायला हरकत नाही.

पडदा टोचून बघू नका आणि उन्हाळ्यात पाणी मारून जागं करू नका. प्रत्येक अवेळी जाग येण्याची किंमत तिला साठवलेल्या पाण्यात मोजावी लागते. झाडाला चिकटलेली तर ओढून काढूच नका. जागेवर फोटो घ्या, उंची मोजा, पुढे चला.

दोन-तीन मिलिमीटरच्या गोगलगायी कशा शोधायच्या?

डोळ्यांनी शोधून त्या सापडत नाहीत, आणि जातींच्या यादीतला मोठा हिस्सा त्यांचाच असतो. त्यामुळे माती-पाचोळा घरी आणणं भाग आहे.

दगडाच्या बुडाशी किंवा झुडपाखाली साठलेला पाचोळा वरच्या दोन-तीन सेंटीमीटर मातीसकट गोळा करा. एका ठिकाणाहून साधारण पाच लिटर पुरतो. कापडी पिशवीत भरा. प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते. घरी आणल्यावर आधी जिवंत प्राणी वेगळे काढा, मग सावलीत दोन-तीन दिवस वाळवा. वाळूच्या जाळीतून काड्या-खडे काढा, मग रव्याच्या चाळणीने आणि शेवटी मैद्याच्या चाळणीने चाळा. प्रत्येक चाळणीवर उरलेला माल वेगळा ठेवायचा. तो थोडा थोडा काळ्या ताटात पसरून दहापट भिंगाखाली ओल्या बारीक ब्रशने निवडायचा. सुरुवातीला बिया, वाळवीची विष्ठा आणि शंख यांत फरक कळत नाही. तासाभराने नजर बसते, आणि वेढे आपोआप दिसायला लागतात.

घाई असेल तर वाळलेला माल बादलीभर पाण्यात हळूच सोडा. हवा भरलेले शंख वर तरंगतात, ते चहाच्या गाळणीने उचला. मातीने भरलेले शंख बुडतात, म्हणून तळाचा गाळही एकदा नजरेखालून घालावा.

ओढ्याला पूर येऊन गेला की काठावर, झुडपांच्या बुंध्यांशी काडीकचऱ्याचा पट्टा अडकतो. त्यात वरच्या सगळ्या पाणलोटातले बारीक शंख तरंगत येऊन थांबलेले असतात. परिसरात काय काय असू शकतं याची झटपट यादी त्यातून मिळते. मात्र शंख नेमक्या कुठल्या उतारावरून आला ते कळत नाही, म्हणून ही नोंद ‘पुराचा कचरा’ म्हणून वेगळीच ठेवा.

सर्वेक्षणाची आखणी कशी करावी?

आधी माळाचे भाग पाडा: उघडं गवत, खडकाळ उतार, ताली, झाडाखालची जागा, ओढाकाठ. प्रत्येक भागात सारखे कष्ट पडले पाहिजेत, नाहीतर तुलना होणार नाही.

जातींची यादी हवी असेल तर वेळ बांधून शोधा. दोघांनी अर्धा-अर्धा तास म्हणजे एक माणूस-तास; प्रत्येक भागाला तेवढाच. जोडीला वर सांगितलेला पाच लिटर पाचोळा. मोठ्या जाती शोधात मिळतात, बारीक चाळणीत मिळतात, आणि एकाच पद्धतीवर भागवलं तर अर्धी यादी हातची जाते.

संख्या हवी असेल तर एक मीटर बाय एक मीटरची चौकट घ्या. पीव्हीसी पाइपची करा किंवा चार खुंट्या आणि सुतळी. जागा आधी नकाशावर चिठ्ठी टाकून ठरवा, ‘इथे मिळतील’ म्हणून निवडू नका. कोरड्या भागात गोगलगायी घोळक्याने असतात: वीसपैकी सोळा चौकटी रिकाम्या आणि एकीत तीस, असं होणारच. अशा वेळी नुसती सरासरी फसवते. प्रत्येक चौकटीचा आकडा शून्यासकट लिहून ठेवा.

वहीत काय काय लिहायचं?

तारीख, वेळ, जीपीएस, शेवटचा पाऊस कधी आणि किती, तापमान, आर्द्रता, उताराची दिशा, शोधणारे किती जण, किती वेळ. गोगलगाय कशावर किंवा कशाखाली होती. जिवंत, ताजा, फिका, जुनाट. मोठी की पिल्लू. शेवटच्या पावसाचा रकाना सोडू नका, त्याशिवाय बाकीचे आकडे वाचता येत नाहीत.

एकही सापडली नाही, तर तिथे नाहीत असं म्हणायचं का?

नाही. समजा एखादी जात तिथे असताना एका फेरीत ती दिसण्याची शक्यता ३० टक्के आहे. मग एका फेरीत ती हुकण्याची शक्यता ७० टक्के, सलग तीन फेऱ्यांत ३४ टक्के, सहा फेऱ्यांत सुमारे १२ टक्के आणि नऊ फेऱ्यांत ४ टक्के. कोरड्या उन्हाळ्यातल्या एका भेटीवरून ‘आढळत नाही’ असा शेरा मारणं म्हणूनच चुकीचं आहे. विकासकामाआधीच्या पर्यावरण अहवालांत असे शेरे बिनदिक्कत येतात, याचं वाईट वाटतं. ‘अमुक तारखेला, इतके तास शोधलं, दिसली नाही’ असं लिहा. ते खरंही असतं आणि पुढच्याच्या उपयोगीही पडतं.

एकूण संख्येचा अंदाज कसा काढायचा?

मोठ्या जातींसाठी खूण करून परत पकडण्याची पद्धत चालते. पहिल्या रात्री ४० गोगलगायींच्या शंखावर नखरंगाचा ठिपका लावून होत्या तिथेच सोडल्या. दोन-तीन रात्रींनी ५० पकडल्या, त्यांत १० ठिपकेवाल्या निघाल्या. मग अंदाज ४० गुणिले ५० भागिले १०, म्हणजे २००. दरम्यान ठिपका पडू नये, ये-जा फार नसावी आणि खुणेच्या-बिनखुणेच्या सारख्याच हाती लागाव्यात, हे गृहीत आहे. मध्येच पाऊस थांबला तर दुसरी फेरी निरर्थक ठरते. ठिपका तोंडापासून दूर, वाळलेल्या शंखावर आणि लहानच लावा. भडक ठिपका पक्ष्यांनाही दिसतो.

कोणत्या जाती दिसण्याची शक्यता आहे?

झूटेकस इन्सुलॅरिस ही कोरड्या जमिनीची खास रहिवासी. सेंटीमीटरभर उंचीचा, फुगीर नळीसारखा, पांढुरका शंख. हिचा पसारा पश्चिमेला केप व्हर्देच्या बेटांपासून उत्तर आफ्रिका, अरबस्तान, भारत आणि म्यानमारपर्यंत आहे. ही अंडी बाहेर न घालता आतच उबवते. रिकामा शंख उजेडात धरला तर कधीकधी आत पिल्लांचे इवले शंख अडकलेले दिसतात. कोरड्या जागी उघड्यावर अंडी घालण्यापेक्षा हा मार्ग किती शहाणपणाचा!

झाडांच्या खोडांवर रॅकिस गटातल्या, पांढऱ्या शंकूवर गडद ठिपक्यांच्या रांगा असलेल्या. चाळणीत प्युपॉइडिस, कॅलिएला, अ‍ॅलोपीस या बारीक गोगलगायी. त्यांच्या मागावर असलेली हटोनेला बायकलर ही मांसाहारी आहे आणि इतर बारीक गोगलगायी खाते. बागा आणि ओढ्यांच्या काठी मॅक्रोक्लॅमिस: चकचकीत पातळ शंख, शेपटीवर शिंगासारखा उंचवटा. बिनशंखाची काळपट, चपटी दिसली तर ती बहुधा लेव्हिकॉलिस, मूळची आफ्रिकेची.

फोटोवरून ओळख पटते का?

काहींची पटते. शंखाचे तीन फोटो घ्या: तोंड समोर, वरून वेढे दिसतील असा, आणि खालून नाभीचं छिद्र दिसेल असा. शेजारी मिलिमीटरची पट्टी. वेढे उजवे की डावे, म्हणजे टोक वर धरल्यावर समोरचं तोंड उजवीकडे येतं की डावीकडे, ते पाहा. आरशासारखा उलटा झालेला सेल्फी कॅमेऱ्याचा फोटो इथे घोळ घालतो. मॅक्रोक्लॅमिससारख्या गटांत नुसत्या शंखावरून जात सांगता येत नाही, आतली जननेंद्रियं बघावी लागतात. तिथे ‘मॅक्रोक्लॅमिस, जात अनिश्चित’ एवढंच लिहा. घाईने दिलेल्या नावापेक्षा हे कितीतरी बरं.

शेतात सोयाबीन खाणाऱ्या शंखी गोगलगायी त्या याच का?

नव्हेत, आणि हा गोंधळ दूर होणं फार गरजेचं आहे. पिकाच्या नुकसानीसाठी ओळखली जाणारी मोठी शंखी म्हणजे आफ्रिकी गोगलगाय. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या शंखतज्ज्ञाने ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली, आणि तिथून ती देशभर पसरली. एका खेपेला शंभराहून जास्त अंडी घालते. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागांत गोगलगायींनी सोयाबीनची रोपं उगवता उगवता फस्त केली आणि कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. तो त्रास खरा आहे.

पण माळावरच्या सेंटीमीटरभर देशी गोगलगायी वाळलेला पाला, शेवाळ आणि बुरशी यांवर जगतात. बांधावर, तालीवर सरसकट मेटाल्डिहाईड या गोगलगायनाशकाच्या गोळ्या टाकल्या की त्याही मरतात. कुत्र्यांना आणि पक्ष्यांनाही ते विष बाधतं. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधाला अंथरून सकाळी खाली जमलेल्या मोठ्या शंखी वेचणं, हा उपाय पेरणीच्या आठवड्यात सगळ्या शिवाराने मिळून केला तर चांगला चालतो. त्यात आपल्याला हवी तीच गोगलगाय उचलली जाते.

परवानगी लागते का?

खासगी माळावर मालकाला विचारा, गायरानावर ग्रामपंचायतीला. नान्नज, रेहेकुरी, मयूरेश्वर यांसारख्या अभयारण्यांत आणि वनखात्याच्या इतर जमिनींवर वनविभागाची लेखी परवानगी घ्या. रिकामा शंख उचलण्यासाठीसुद्धा. नमुने परदेशी पाठवायचे असतील तर जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो.

हाताळल्याने आजार होतो का?

गोगलगायींत, विशेषतः आफ्रिकी शंखीत, उंदरांच्या फुप्फुसातल्या कृमीच्या अळ्या असू शकतात, आणि त्या माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, डबा त्यानंतरच उघडा.

शाळेतल्या मुलांना घेऊन हे करता येईल का?

नक्कीच, आणि करावंच. रात्रीचा माळ त्यांच्यासाठी नको. शाळेच्या आवारात किंवा गावदेवळाभोवती पहिल्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा तास पुरतो. पाच-पाच मुलांचे गट करा, प्रत्येक गटाला एक चौकट, एक भिंग, एक वही. दगड मोठ्यांनीच उलटायचे. जिवंत गोगलगाय पाहून, मोजून तिथेच सोडायची, रिकामे शंख काड्यापेटीत ठेवून आत पेन्सिलने तारीख आणि जागा लिहायची. शाईचा कागद ओल लागली की पुसतो. फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाका. दर वर्षी त्याच चौकटी, त्याच सुमारास. पाच वर्षांची अशी वही कोरड्या तालुक्यातल्या एखाद्या शाळेकडे असेल, तर अभ्यासक ती बघायला स्वतःहून येतील.